न्या. हिदायतुल्ला: सरन्यायाधीशपदाच्या खुर्चीतून राष्ट्रपती भवनात (फलकाचा मजकूर तपासून हवा आहे)

भवानीमंडप
१७ डिसेंबरला न्या. मोहम्मद हिदायतुल्ला यांची जयंती. त्यानिमित्त कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी चार फलक लावायचे ठरले आहेत, प्रत्येकी साधारण सव्वाशे शब्दांचे. कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून इथल्या पोरांना घटना, उच्च न्यायालय, नेमणुका या विषयांत रस वाढलाय, त्यामुळे मजकूर ढिसाळ नको. सध्या जो मसुदा गटागटांत फिरतोय त्यातली तीन वाक्यं डोळ्यांत खुपतात. एक, "भारताचे पहिले मुस्लिम राष्ट्रपती". दुसरं, "सरन्यायाधीशपदाचा राजीनामा देऊन ते राष्ट्रपती झाले". तिसरं, "बँक राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम त्यांच्या सहीने निघाला". जाणकारांनी तारखांसकट लिहावं. नुसतं "थोर होते" नको, कसं घडलं ते हवं.

कलम_साठ
तिन्ही वाक्यं चुकीची आहेत, तिन्ही काढा.

पहिले मुस्लिम राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन, १९६७ साली निवडून आलेले. हिदायतुल्ला हे पहिले मुस्लिम सरन्यायाधीश. दोन वाक्यांची सरमिसळ झालीय.

आता घटनाक्रम. ३ मे १९६९ रोजी झाकीर हुसेन पदावर असतानाच वारले. अनुच्छेद ६५(१) प्रमाणे उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी त्याच दिवशी राष्ट्रपती म्हणून काम पाहू लागले. पद मृत्यूमुळे रिकामं झालं तर सहा महिन्यांत निवडणूक घ्यावी लागते, हे अनुच्छेद ६२(२). गिरींना ती निवडणूक लढवायची होती, म्हणून २० जुलैला ते पायउतार झाले. त्या क्षणी राष्ट्रपती नाही आणि उपराष्ट्रपतीही नाही. मूळ घटनेत या दुहेरी पोकळीसाठी नाव घेऊन कुठलीच व्यवस्था नव्हती. फक्त अनुच्छेद ७० मध्ये संसदेला मोकळीक होती की अशा आकस्मिक प्रसंगासाठी तरतूद करावी.

ती तरतूद संसदेने मे १९६९ च्या अखेरीस केली: राष्ट्रपती (कार्यांचे निर्वहन) अधिनियम, १९६९. कलम ३ सांगतं की दोन्ही पदं रिकामी असतील तर भारताचे सरन्यायाधीश, आणि तेही नसतील तर सर्वोच्च न्यायालयाचे उपलब्ध ज्येष्ठतम न्यायाधीश, राष्ट्रपतीची कार्यं पार पाडतील. नवा राष्ट्रपती किंवा नवा उपराष्ट्रपती, जो आधी येईल तोपर्यंत.

म्हणजे २० जुलै ते २४ ऑगस्ट १९६९ हे ३५ दिवस त्यांच्याकडे आले ते सरन्यायाधीश असल्यामुळेच. राजीनामा दिला असता तर मिळालेच नसते. फलकावर हे एक वाक्य ठळक अक्षरांत घ्या.

पंचगंगाकाठ
एक बारकावा जोडा. अनुच्छेद ६० प्रमाणे राष्ट्रपतीची शपथ सरन्यायाधीशासमोर घ्यायची असते. इथे शपथ घेणाराच सरन्यायाधीश. त्याच अनुच्छेदात सोय आहे की सरन्यायाधीश नसतील तर ज्येष्ठतम न्यायाधीशासमोर. ज्येष्ठताक्रमात त्यांच्यामागे न्या. जे. सी. शाह होते. विद्यार्थी हमखास विचारतात की स्वतःला शपथ कशी दिली. उत्तर: देत नाहीत, घटनाकारांनी ती वाट आधीच करून ठेवली होती.

शिवाय त्या ३५ दिवसांत नुसतं सह्यांचं काम नव्हतं. ३१ जुलैला अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन दिल्लीत आले, तेव्हा राष्ट्रप्रमुख म्हणून यजमान हिदायतुल्लाच होते.

भवानीमंडप
साहेब, मग बँकांचं काय? पोरं म्हणतात सही त्यांचीच होती.

कलम_साठ
दोन वेगळे कागद आहेत, तिथेच घोळ होतो.

वटहुकूम १९ जुलै १९६९ चा. तो गिरींच्या सहीने निघाला, पद सोडण्याच्या आदल्या दिवशी. ५० कोटी रुपयांपेक्षा जास्त ठेवी असलेल्या १४ बँका त्यात आल्या. नंतर त्याची जागा घेणारं विधेयक संसदेत मंजूर झालं आणि त्याला ९ ऑगस्ट १९६९ रोजी राष्ट्रपतीची संमती मिळाली. ९ ऑगस्टला त्या खुर्चीत हिदायतुल्ला होते. म्हणजे वटहुकूम गिरींचा, अधिनियमाला संमती हिदायतुल्लांची.

आता याच्या पुढचं, आणि माझ्या मते चारही फलकांतलं सर्वांत मोलाचं. हा अधिनियम सर्वोच्च न्यायालयात आव्हानाला आला, आर. सी. कूपर विरुद्ध भारत सरकार. निकाल १० फेब्रुवारी १९७०, ११ न्यायाधीशांचं पीठ, १० विरुद्ध १ ने अधिनियम रद्द. त्या वेळी सरन्यायाधीश हिदायतुल्लाच होते. पण निकालाच्या शीर्षाशी पीठाची नावं वाचा: शाह, सिक्री, शेलत, भार्गव, मित्तर, वैद्यलिंगम, हेगडे, ग्रोव्हर, राय, जगनमोहन रेड्डी, दुआ. अकरांत हिदायतुल्ला नाहीत. ज्या कायद्याला आपण राष्ट्रपती म्हणून संमती दिली तो वैध की अवैध, हे आपणच ठरवायचं नाही. त्या काळातला सर्वांत मोठा आर्थिक खटला, पीठ नेमण्याचा अधिकार सरन्यायाधीशाच्या हातात, आणि तो माणूस बाजूला राहतो. त्यांच्यातला न्यायविद मला इथे सर्वांत स्पष्ट दिसतो. राष्ट्रपती भवनातल्या दिवसांपेक्षा ही अकरा नावांची यादी फलकावर असावी असं मनापासून वाटतं.

सीपी_बेरार
चर्चा दिल्लीतच अडकलीय. या माणसाची घडण नागपूरची आहे, आणि महाराष्ट्रातल्या फलकावर ती नसेल तर फलक अपुरा.

शाळा रायपूरला, पदवी नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून १९२६ साली. मग केंब्रिजचं ट्रिनिटी कॉलेज, लिंकन्स इनमधून बॅरिस्टर, आणि १९३० च्या जुलैत नागपुरात वकिली सुरू. डिसेंबर १९४२ मध्ये सरकारी वकील, ऑगस्ट १९४३ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडचे महाधिवक्ता, वय ३७. जून १९४६ ला नागपूर उच्च न्यायालयाचे अतिरिक्त न्यायाधीश, सप्टेंबरमध्ये कायम. डिसेंबर १९५४ मध्ये तिथलेच मुख्य न्यायमूर्ती. १ डिसेंबर १९५८ ला सर्वोच्च न्यायालय.

मधली १ नोव्हेंबर १९५६ ही तारीख सोडू नका. राज्य पुनर्रचना अधिनियमाने विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, उच्च न्यायालय मध्य प्रदेशाचं झालं आणि त्याचं ठाणं जबलपूरला गेलं. मुख्य न्यायमूर्तीही जबलपूरला गेले. कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांना हे सांगायलाच हवं, कारण त्याच १९५६ च्या अधिनियमाच्या कलम ५१(३) खाली, राज्यपालांच्या मंजुरीने, १ ऑगस्ट २०२५ ची अधिसूचना निघाली आणि १८ ऑगस्टपासून कोल्हापूरचं सर्किट बेंच चालू झालं. कलम ५१ मध्ये तीन पायऱ्या आहेत: (१) उच्च न्यायालयाचं मुख्य ठाणं राष्ट्रपती ठरवतात, (२) कायम खंडपीठही राष्ट्रपतींच्या आदेशाने, (३) इतर ठिकाणी न्यायाधीशांनी बसायचं ते मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या मान्यतेने ठरवतात. आपलं बेंच तिसऱ्या पायरीवर आहे. कायम खंडपीठाची मागणी करताना दुसऱ्या पायरीबद्दल बोलायचं असतं, हे कित्येक निवेदनांत गाळलं जातं.

दसरा_चौक
सीपी_बेरार, फार उपयोगी. फलकावर सहा जिल्हे पण लिहा: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. नाहीतर पोरं "पश्चिम महाराष्ट्र" लिहून मोकळी होतात आणि कोकणातले दोन जिल्हे राहून जातात.

वाचनकट्टा
निकालांबद्दल कुणीच लिहिलं नाही. न्यायविदाची ओळख पदांनी होत नाही, निकालांनी होते. तीन निकाल एका ओळीत ठेवले की त्यांच्या विचाराची वाट दिसते.

सज्जन सिंग विरुद्ध राजस्थान, निकाल ऑक्टोबर १९६४. पाच जणांचं पीठ. संसद मूलभूत हक्कांत दुरुस्ती करू शकते असं बहुमत म्हणालं. हिदायतुल्ला आणि आपले विदर्भाचे न्या. जे. आर. मुधोळकर यांनी सतरावी घटनादुरुस्ती वैध आहे हा निकाल मान्य केला, पण शंका वेगळी नोंदवली. हिदायतुल्लांचा मुद्दा असा की घटनेच्या भाग तीनमध्ये (मूलभूत हक्कांचा भाग) इतकी आश्वासनं दिल्यावर ते हक्क विशेष बहुमताच्या हातातलं खेळणं ठरावेत हे पटत नाही. मुधोळकरांनी घटनेच्या मूळ वैशिष्ट्यांचा प्रश्न उभा केला. १९७३ च्या केशवानंद भारती निकालातल्या मूलभूत चौकटीच्या (घटनेची मूळ चौकट दुरुस्तीनेही मोडता येत नाही) सिद्धान्ताचं बी याच दोन टिपणांत आहे.

मिरजकर विरुद्ध महाराष्ट्र, मार्च १९६६. मुंबई उच्च न्यायालयात एका अब्रुनुकसानीच्या दाव्यात न्या. तारकुंडे यांनी एका साक्षीदाराची साक्ष छापू नये असा तोंडी आदेश दिला. पत्रकार मिरजकर अनुच्छेद ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. नऊ न्यायाधीश. सरन्यायाधीश गजेंद्रगडकर, म्हणजे साताऱ्याचे, यांच्या बहुमताने ठरवलं की न्यायालयाच्या आदेशाने मूलभूत हक्काचा भंग होत नाही. हिदायतुल्ला एकटे वेगळे. न्यायाधीशाचा आदेशसुद्धा नागरिकाच्या हक्कावर घाला घालू शकतो आणि त्याविरुद्ध अनुच्छेद ३२ ची वाट खुली असली पाहिजे, ही त्यांची भूमिका. खुल्या न्यायालयाबद्दलचा त्यांचा तो भाग आजही वाचनीय आहे.

गोलकनाथ, २७ फेब्रुवारी १९६७, ६ विरुद्ध ५. संसदेला घटनादुरुस्तीने मूलभूत हक्क कमी करता येत नाहीत असं ठरलं. हिदायतुल्ला सहांत, पण निकाल स्वतंत्र. इथे विद्यार्थी ठरलेली चूक करतात: "सहाही जणांनी भविष्यलक्षी प्रभावाचा सिद्धान्त वापरला" असं लिहितात. तो सिद्धान्त (निकाल पुढच्या दुरुस्त्यांना लागू, मागच्यांना नाही) सरन्यायाधीश सुब्बा राव आणि त्यांच्यासोबतच्या चौघांचा. हिदायतुल्लांनी जुन्या दुरुस्त्या वाचवल्या त्या वेगळ्या कारणाने, त्या दीर्घकाळ मान्य झाल्या होत्या म्हणून. आणि त्याच निकालात त्यांनी मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांत घालणं ही चूक होती असंही लिहिलं. ज्याला "मालमत्तावाल्यांचा निकाल" म्हणून हिणवलं गेलं त्यातच हे वाक्य आहे. पुढे १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने तो हक्क त्या भागातून काढलाच.

मंगळवार_पेठ
एवढं गुणगान एकतर्फी होतंय. रणजित उदेशी विरुद्ध महाराष्ट्र हा निकालही त्यांचाच, ऑगस्ट १९६४. मुंबईतल्या एका पुस्तक दुकानाच्या भागीदाराला 'लेडी चॅटर्लीज लव्हर' विकल्याबद्दल भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ (अश्लील साहित्याची विक्री) खाली शिक्षा झाली होती, ती कायम ठेवली. त्यासाठी इंग्लंडातली अश्लीलता ठरवणारी १८६८ ची हिकलिन कसोटी भारतात पक्की केली. तीही थेट इंग्लंडने त्या पुस्तकाच्या प्रकाशकाला १९६० साली निर्दोष सोडल्यावर. ती कसोटी सोडून द्यायला सर्वोच्च न्यायालयाला २०१४ चा अवीक सरकार निकाल यावा लागला. पन्नास वर्षं लेखक, चित्रकार, दुकानदार त्या कसोटीखाली राहिले. अभिव्यक्तीच्या बाबतीत ते मिरजकरमध्ये जितके पुढे, तितके उदेशीमध्ये मागे.

वाचनकट्टा
मान्य, उदेशी फलकावर हवाच. सोबत के. ए. अब्बास, सप्टेंबर १९७०, पण घ्या. चित्रपटाची पूर्वतपासणी त्यांनी वैध ठरवली, मात्र कात्री चालवताना कलाकृती आणि निव्वळ बीभत्सपणा यांत फरक करणारे निकष हवेत, नुसती विषयांची यादी पुरत नाही, असं बजावलं. उदेशीतल्या न्यायाधीशाने सहा वर्षांत थोडी तरी जागा मोकळी केली, असं मी म्हणेन.

त्याच वर्षी केरळचे कम्युनिस्ट नेते ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांचं न्यायालयाच्या अवमानाचं प्रकरण. न्यायव्यवस्था वर्गीय पूर्वग्रहाने चालते असं ते पत्रकार परिषदेत म्हणाले होते. दोषसिद्धी कायम, पण दंड १००० रुपयांवरून ५० रुपये. निकालात मार्क्स आणि एंगल्स यांच्या लेखनाचा धांडोळा घेऊन नंबुद्रिपादांनीच ते नीट समजून घेतलेलं नाही असा निष्कर्ष आहे. एवढ्या अभ्यासानंतर पूर्ण सोडून दिलं असतं तर निकाल अधिक शोभला असता असं माझं मत.

जुना_राजवाडा
कोल्हापूरला थेट भिडणारा निकाल राहिलाच: संस्थानिकांच्या तनख्यांचा (सरकारकडून त्यांना दरवर्षी मिळणाऱ्या रकमेचा). कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं, तेव्हापासून इथल्या गादीचाही तनखा होता. १९७० साली तनखे बंद करणारं घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत पार पडलं, राज्यसभेत ५ सप्टेंबरला अडकलं. बाजूने १४९, विरोधात ७५. एकूण २२४, दोन तृतीयांश म्हणजे १४९.३३. मताच्या तिसऱ्या हिश्श्याने पडलं. दुसऱ्याच दिवशी राष्ट्रपतींच्या आदेशाने सगळ्या संस्थानिकांची मान्यता काढून घेतली.

माधवराव सिंधिया विरुद्ध भारत सरकार या निकालात ११ जणांच्या पीठाने बहुमताने तो आदेश रद्द केला. तारीख १५ डिसेंबर १९७०. हिदायतुल्ला १६ डिसेंबरला निवृत्त झाले. पीठावर ते होते आणि स्वतंत्र निकाल लिहिला. जे काम घटनादुरुस्तीने जमलं नाही ते नुसत्या आदेशाने करता येणार नाही, हा सगळ्याचा गाभा. तनखे शेवटी गेलेच, पण रीतसर, १९७१ च्या सव्विसाव्या दुरुस्तीने.

मतपेटी
मूळ विषयाला धरून: न्यायाधीश निवडणूक लढवून राष्ट्रपती झाला आहे का? भारतात नाही. तिघांनी प्रयत्न केला. सरन्यायाधीश सुब्बा राव यांनी एप्रिल १९६७ मध्ये राजीनामा देऊन झाकीर हुसेन यांच्याविरुद्ध लढत दिली: ४,७१,२४४ विरुद्ध ३,६३,९७१. १९८२ साली एच. आर. खन्ना झैलसिंग यांच्याविरुद्ध, १९८७ साली कृष्ण अय्यर वेंकटरमण यांच्याविरुद्ध हरले. खन्ना आणि अय्यर तेव्हा निवृत्त होते. सुब्बा रावांना राजीनामा द्यावा लागला कारण अनुच्छेद ५८(२) प्रमाणे लाभाचं पद चालत नाही. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, राज्यपाल आणि मंत्री यांना त्यातून सूट आहे, न्यायाधीशाला नाही.

पोरांना राष्ट्रपती निवडणुकीतल्या मतांचं गणित कोल्हापूरवरून शिकवा. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५. भागिले २८८ आमदार, भागिले १०००, म्हणजे एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५. जिल्ह्यात १० आमदार, १,७५० मतं. खासदाराच्या मताचं मूल्य २०२२ साली ७०० होतं, कोल्हापूर आणि हातकणंगले मिळून १,४००. एकूण ३,१५०. चालू जनगणनेचा आकडा घेऊन भागाकार करणारे चुकतात, कारण १९७१ चाच आकडा गोठवलेला आहे.

१९६९ च्या निवडणुकीत तिसऱ्या क्रमांकावर आपले सी. डी. देशमुख होते, १,१२,७६९ पहिल्या पसंतीची मतं. कोणालाच कोटा न मिळाल्यामुळे दुसऱ्या पसंतीची मतं मोजावी लागली आणि गिरी ४,२०,०७७ वर पोहोचले. हिदायतुल्लांचा पदभार २४ ऑगस्टला संपला तो या मोजणीनंतर.

सीपी_बेरार
चौथ्या फलकावर १९७९ नंतरचं घ्या. बहुतेक मजकूर १९७० ला थांबतो. निवृत्त झाल्यावर अनुच्छेद १२४(७) मुळे कुठल्याही न्यायालयात वकिली करता येत नाही. नऊ वर्षांनी ते बिनविरोध उपराष्ट्रपती झाले, ३१ ऑगस्ट १९७९ ते ३० ऑगस्ट १९८४. त्यांच्या आधीचे उपराष्ट्रपती बी. डी. जत्ती, जमखंडीचे, कायदा शिकले ते कोल्हापुरात. फक्रुद्दीन अली अहमद वारल्यावर ११ फेब्रुवारी ते २५ जुलै १९७७ जत्तीही राष्ट्रपती म्हणून काम पाहत होते. हा दुवा इथल्या विद्यार्थ्यांना नक्की आवडेल.

६ ते ३१ ऑक्टोबर १९८२ या काळात झैलसिंग हृदयशस्त्रक्रियेसाठी अमेरिकेत होते, तेव्हा हिदायतुल्लांनी दुसऱ्यांदा राष्ट्रपतीचं काम पाहिलं. पण रस्ता वेगळा. १९६९ साली १९६९ चा अधिनियम, दोन्ही पदं रिकामी, नातं सरन्यायाधीशपदाशी. १९८२ साली अनुच्छेद ६५(२), राष्ट्रपती पदावर कायम पण अनुपस्थित, नातं उपराष्ट्रपतिपदाशी. त्या दिवसांत राज्यसभेचं सभापतिपद अनुच्छेद ६४ च्या परंतुकामुळे त्यांच्याकडे नव्हतं. सरन्यायाधीश, उपराष्ट्रपती आणि राष्ट्रपतीची कार्यं, तिन्ही सांभाळलेला दुसरा माणूस भारतात झालेला नाही.

भवानीमंडप
सगळ्यांचे आभार. मग विभागणी अशी करतो: पहिला फलक नागपूर, जबलपूर आणि कलम ५१. दुसरा १९६९ चे ३५ दिवस, कूपर पीठाच्या अकरा नावांसह. तिसरा निकाल, त्यात उदेशी आणि तनखे दोन्ही. चौथा १९७९ ते १९८४, जत्तींच्या उल्लेखासह. शीर्षकात "राष्ट्रपती" लिहू की "कार्यवाहू राष्ट्रपती"?

कलम_साठ
"कार्यवाहू राष्ट्रपती". निवडून आलेल्या राष्ट्रपतींच्या क्रमांकात ते मोजले जात नाहीत, म्हणून "चौथे" किंवा "सहावे" असा आकडा नावापुढे टाकू नका. आणि दुसऱ्या फलकावर अधिनियमाचं पूर्ण नाव वर्षासकट छापा, मुलं मूळ कलम ३ शोधून वाचतील.